हळू बोलण्याची लाइन

४ जानेवारी, रविवार

आणला! काळा, जड, तबकडीचा. बंद पडलेल्या एका लॉजचं सामान विकायला काढलं होतं, त्यात काउंटरखाली उलटा पडला होता. काटाशेठने तो उचलून थेट काट्यावर ठेवला. (काटाशेठ म्हणजे आमचा भंगारवाला. हे नाव मीच ठेवलंय – वजनकाट्याशिवाय हा माणूस तोंड उघडत नाही.)
'मॅडम, फोन म्हणून हवाय की वजन म्हणून?'
'फोन म्हणून.'
'मग महाग पडेल. वजन म्हणून न्या.'
वजन म्हणून आणला.

रिसीव्हरची दोरी कापडी आहे, एका जागी उसवलेली. तबकडी परत फिरताना मध्येच अडते, मग काहीतरी आठवल्यासारखी पुढे सरकते. खालचा पत्रा गंजलाय, पण वरचं बेकेलाइट – ओरखडासुद्धा नाही! धूळ पुसली तर त्यात माझं तोंड दिसलं.

मागच्या खोलीत आता खरंच जागा नाही. तारयंत्राची कळ, तिच्याशेजारी साउंडर, हँडल फिरवायचा भिंतीवरचा फोन, सुट्या भागांचे डबे. तरी जागा केली. वस्तू आली की आधी क्रमांक, मग चिठ्ठी, मग चहा – ग्रंथपालाची खोड घरीही सुटत नाही.

नवऱ्याला दाखवला. हातात तोलून म्हणाला, 'याने डोकं फुटेल कुणाचं तरी.' मी पुटपुटले, 'तुमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंपासून सुरुवात करू.'
'काय?'
'काही नाही.'
'अगं, काय म्हणालीस?'
मग ओरडून सांगितलं. ओरडल्यावर विनोद उरला नाही, नुसती मुख्याध्यापिकाबाईंना ठार मारण्याची घोषणा झाली. समोरच्या गॅलरीतली बाई कपडे वाळत घालायची थांबली.

६ जानेवारी

रविवारचं डोक्यातून जात नाही. मी त्याच्याशी आता फक्त ओरडता येईल तेवढंच बोलते. जेवायला वाढलंय. किल्ली कुठाय. लेकीचा फोन होता, बरी आहे. पाणी तापलंय. सगळं खरं, सगळं उपयोगाचं! पण आमचं बोलणं कधी उपयोगाचं होतं? पाहुण्यांसमोर कानात खुसखुसणं, एकमेकांची टर उडवणं, अर्धं वाक्य टाकून देणं – यातलं काहीच ओरडून करता येत नाही.

त्याच्या कानामागे मशीन बसवूनही दीड-दोन वर्षं झाली. ते आवाज मोठा करतं – पंख्याचा, ताटल्यांचा आणि माझाही, सगळ्यांचा मिळून.

आज जेवताना म्हणाला, हे वर्ष संपलं की शाळा सोडतो. मागच्या बाकावरचं पोर काय विचारतं ते कळत नाही, भलतंच उत्तर जातं, वर्ग हसतो. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तितक्या सहज म्हणाला, आणि वाटी पुढे केली.

पन्नाशीही आली नाही अजून त्याची. भूगोल शिकवणारा माणूस! घरी बसून करणार काय? खिडकीतून बाहेर बघणार? एकदा घरात बसला की उरलंसुरलं बोलणंही बंद होईल, मला माहीत आहे. नाही. त्याने शाळा सोडायची नाही, हे मी ठरवलंय.

(मी ठरवणारी कोण? – असो. ठरवलंय.)

११ जानेवारी, रविवार

दिवसभर फोन उघडून बसले. तबकडीची स्प्रिंग साफ केली, आता पूर्ण वळसा घेते. बोलायच्या बाजूला आत कोळशाचे कण असतात. वर्षानुवर्षं पडून राहिले की गोळा होऊन बसतात आणि आवाज घोगरा येतो. चमच्याच्या मागच्या बाजूने हलकेच ठोकलं. मोकळे झाले.

नवीन फोन आला की तो बोलतो का ते बघायची माझी रीत ठरलेली आहे. मागच्या खोलीत एक फोन, बाहेरच्या खोलीत दुसरा, मध्ये दोन तारा आणि एक बॅटरी. आता दुसऱ्या टोकाला कुणीतरी हवं. पूर्वी लेक असायची. त्याला सांगू का? नको. ऐकू आलं नाही की त्याचा चेहरा पडतो, आणि ते मला बघवत नाही.

१३ जानेवारी

हे नीट क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

तो शाळेतून आला तोच चिडलेला. आज मशीन मेलंय म्हणाला, सकाळपासून काहीच ऐकू येत नाही, दिवसभर नुसता फळ्यावर लिहीत होतो. मी हातवारे करून म्हटलं, जरा हे धर. फक्त धर. खरखर जाणवली तर हात वर कर. (कानाला नाही तर निदान हाताला थरथर कळेल, असा माझा भाबडा हिशोब.) त्याने रिसीव्हर धरला – कानावर नाही, जरा वर, मशीनला टेकवून. मी आत गेले, दुसरा उचलला आणि नेहमीसारखी चिठ्ठ्यांवरची नावं वाचायला लागले. कुणी ऐकत नाही म्हणून अगदी हळू. भिंतीवरचा फोन, हँडल मूळचं. तारयंत्राची कळ, पितळी, बूड नंतरचं.
तिकडून आवाज आला, 'बूड नंतरचं म्हणजे?'

माझ्या हातून चिठ्ठी पडली.
'तुला ऐकू येतंय?'
'येतंय की. ओरडू नकोस.'
मी ओरडतच नव्हते! मी तर कुजबुजत होते!
'आता?' आणखी हळू.
'येतंय.'
'तुझ्या शर्टाच्या खिशाला शाई लागलीये.'
'तुझं लक्ष असतं होय माझ्या खिशाकडे!'

किती दिवसांनी! आम्ही दोघं दोन खोल्यांत उभं राहून मूर्खासारखे बोलत राहिलो. काय बोललो ते लिहिण्यासारखंही नाही – शेजारच्या बाईंचं गाणं, त्याच्या शाळेतल्या शिपायाच्या मिशा, मी केलेलं ते वातड धिरडं जे तो मुकाट्याने खाऊन उठला होता. 'चप्पल शिवायला नेण्यासारखं होतं,' म्हणाला. तेव्हा का नाही बोललास? 'तेव्हा तू ओरडली असतीस.'

बाहेर आले तर तो रिसीव्हर हातात घेऊन तसाच उभा होता. डोळे भरलेले, पण म्हणाला, 'तुझ्या भंगारात दम आहे.'

१४ जानेवारी

वाचनालयात तीन पुस्तकं चुकीच्या कप्प्यात लावली. मी!

१५ जानेवारी

एकच खोट होती, आवाजामागे बारीक खरखर. त्याच्यासाठी अगदी स्वच्छ करून द्यायचं ठरवलं. रिसीव्हरच्या टोपीखाली ऐकायची जी चकती असते ती लॉजच्या जमान्याची, मळकी. माझ्या डब्यात नंतरच्या काळातली एक कोरी चकती होती – बंदिस्त, सुबक. ती बसवली. काय सुरेख आवाज! खरखर नाही की काही नाही.

जुनी चकती दुपारी दातवाल्या डॉक्टरांना देऊन टाकली. आयुष्यभर लोकांचे दात काढले, आता निवृत्त होऊन माझ्यासारखेच फोन जमवतात. त्यांच्या एका फोनला मूळची चकती हवी होती, केव्हापासून मागे लागले होते. 'बाई, तुम्ही माझ्या फोनची कवळी काढलीत, खरा दात बसवलात!' म्हणाले. मन प्रसन्न झालं.

१६ जानेवारी

ऐकू येत नाही.

१८ जानेवारी, रविवार

तीनदा तारा तपासल्या. बॅटरी बदलली. मला लख्ख ऐकू येतं, त्याला काहीच नाही. कानावर धरून बघितलं, वर धरून, खाली धरून. शेवटी त्याने रिसीव्हर ठेवला – आपटला नाही, अगदी जपून ठेवला, ते जास्त लागलं – आणि म्हणाला, 'जाऊ दे गं. त्या दिवशी लागला नेम.'

मशीन मात्र चौदा तारखेपासून चांगलं चालतंय म्हणे. चष्मा काढताना काहीतरी दाबलं गेलं होतं, ते त्याने परत सरकवलं.

मी उगाच आशा लावली का त्याला? त्याला बरं वाटावं म्हणून धडपडत होते, की माझे फोन कामाचे आहेत हे सिद्ध करायला? दोन्ही. पहिलं जास्त. बहुतेक.

२० जानेवारी

'काहीतरी दाबलं गेलं होतं.' – हे वाक्य सकाळी दात घासताना परत आठवलं. काय दाबलं गेलं होतं? त्या दिवशी त्याला जगातलं काहीच ऐकू येत नव्हतं, आणि फोन तेवढा ऐकू येत होता!

मशीन जिथून घेतलं त्या दवाखान्यात गेलो. तिथल्या कान तपासणाऱ्या बाई तरुण, चटपटीत. सगळं ऐकून हसल्याच. म्हणाल्या, 'अहो, ती टेलिफोनची कळ. ती सरकवली की मशीन बाहेरचा आवाज बंद करतं आणि रिसीव्हरमधल्या चुंबकाचं तेवढं पकडतं. म्हणून पंखा नाही, भांडी नाही, फक्त बोलणारा. हल्ली कुणी विचारत नाही, म्हणून सांगायचं राहून जातं.' मग म्हणाल्या, 'सगळ्या फोनवर नाही हं चालत. जुन्या रिसीव्हरमधून चुंबकत्व भरपूर बाहेर गळायचं. नंतरचे बंदिस्त केले, त्यांत तेवढं मिळत नाही.'

बंदिस्त. सुबक.

रिक्षात मी गप्प. त्याने विचारलं, काय झालं? रस्त्याच्या आवाजात कसं सांगणार? वहीच्या पानावर लिहून दाखवलं – 'मी सुधारलं.' त्याला कळेना. खाली आणखी लिहिलं – 'म्हणजे बिघडवलं.'

२१ जानेवारी

माझ्या डब्यांत असलेल्या बाकीच्या सगळ्या चकत्या लावून बघितल्या. एकीतूनही त्याच्या कानापर्यंत काही पोचत नाही. एका भिंतीवरच्या फोनच्या चकतीतून 'माशी गुणगुणल्यासारखं' येतं म्हणाला, पण शब्द नाहीत. काटाशेठकडे जाऊन आले. 'तसला परत? मॅडम, तसला आणायला आणखी एक लॉज बुडायला हवं.'

म्हणजे डॉक्टर. आम्हा जमवणाऱ्यांत एक अलिखित नियम आहे. दिलेली वस्तू परत मागायची नाही. कुणी मागितली तर त्याचं नाव सगळीकडे होतं. मी स्वतः एकाला यावरून नावं ठेवलेली आहेत, चांगली चवीने.

उद्या जाते.

२२ जानेवारी

डॉक्टरांची खोली म्हणजे काचेची कपाटं आणि आत दिवे. तो फोन मधोमध, खाली पाटी, 'सर्व भाग मूळचे'. मी सगळं सांगितलं. त्याचा कान, कळ, चुंबक, शाळा.
'बाई, काढलेला दात मी परत बसवत नाही.'
'हा तुम्ही बसवलेला आहे डॉक्टर, मी काढायला आलेय.'
हसले नाहीत. काचेवरचा डाग रुमालाने पुसत बसले. मग म्हणाले, 'तुमच्याकडचं साउंडर?'

साउंडर! तारेवरून येणारा संदेश कट्ट कट्ट वाजवणारं ते पितळी यंत्र. माझी पहिली वस्तू. चोवीस-पंचवीसची असताना घेतलेली, त्याच्याशी लग्न व्हायच्याही आधीची. माझ्या सगळ्या वेडाला सुरुवात तिथून. डॉक्टरांना हे माहीत आहे, म्हणूनच मागितलं.

मला राग यायला हवा होता. पण मीही त्यांच्या जागी हेच मागितलं असतं की! विचार करून सांगते म्हणाले आणि जिन्यापर्यंत आले. तिथूनच परत वळले.
'देते.'
'विचार करणार होतात.'
'झाला.'

२३ जानेवारी

साउंडर दिलं. जाताना एकदा वाजवून घेतलं.

२४ जानेवारी

आलं! ऐकू आलं! कळ सरकवली, रिसीव्हर जरा वर धरला, आणि माझ्या पहिल्याच शब्दाला म्हणाला, 'खरखर परत आली वाटतं.' ती खरखर मला गाण्यासारखी वाटली. या फोनला आता मी हात लावणार नाही. चिठ्ठीवर लाल शाईने लिहून ठेवलंय.

साउंडरची रिकामी जागा त्याने बघितली. थोड्या वेळाने त्याने बाहेरून भिंत वाजवली. फोन उचलला तर म्हणाला, 'वेडी आहेस.' एवढंच, आणि ठेवला.

२ फेब्रुवारी

रीतच पडली आहे. संध्याकाळचा चहा दोन खोल्यांत. तो बाहेर, मी आत, मध्ये भिंत. त्याला बोलायचं असेल तर तो भिंत वाजवतो. मला असेल तर मी जाऊन खांद्याला हात लावते आणि परत आत पळते. काल कपात बोट घालून चहा ढवळत बोलत बसले – चमचा आणायला उठले तर बोलणं तुटेल म्हणून.

१४ फेब्रुवारी

लेक सुट्टीला आली आहे. आल्या आल्या हसत सुटली. 'एका घरात राहून फोनवर बोलता? आणि मला म्हणता मोबाइल ठेव!' मग तिने आतला फोन उचलला. मी स्वयंपाकघरात. मला फक्त बाबाच्या बाजूचं बोलणं ऐकू येत होतं. 'हो... नाही गं... तू तुझं बघ... खरं सांगू?... नको, आईला नको सांगूस...' किती वेळ चाललं होतं! भाकऱ्या होऊन गार झाल्या.

बाहेर आली तेव्हा चेहरा वेगळाच. 'बाबा किती बोलतो गं!'
'काय म्हणाला?'
'ते आमचं.'
'मला नको सांगूस म्हणाला ते काय?'
'आई! चोरून ऐकतेस?'
चोरून कसलं, तो ऐकू येत नसल्यासारखा मोठ्याने बोलतो ना!
मला वाईट वाटायला हवं का? वाटलं थोडं. पण घरात परत गुपितं आली, याचा आनंदच जास्त झाला.

१ मार्च, रविवार

आता शाळेचं. दिवस थोडे उरलेत आणि तो विषयच काढत नाही. फोनवर सगळं बोलतो – शिपायाच्या मिशा आता काळ्या झाल्या इथपर्यंत – पण शाळा सोडण्याचं म्हटलं की 'बघू'. धीर होत नसणार. मी माहिती काढली आहे. त्या कान तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, वर्गासाठीही युक्ती करता येते. बोलणाऱ्या मुलाच्या हातात छोटा माइक द्यायचा आणि आवाज तारेवाटे थेट याच्या मशीनला. म्हणजे हीच आमची लाइन, वर्गाएवढी मोठी!

११ मार्च

त्याला न सांगता मुख्याध्यापिकाबाईंना भेटले. बरोबर केलं का? जाताना दारापर्यंत तीनदा परत फिरायच्या बेतात होते. पण बाई फार चांगल्या निघाल्या. (फोन डोक्यात घालायचा विचार मागे घेते.) म्हणाल्या, माइकचं आम्ही बघतो, मोठ्या वर्गांऐवजी लहान तुकड्या देता येतील, असा शिक्षक मला सोडायचा नाहीये. उठताना एवढंच विचारलं, 'सरांना स्वतःला हवंय ना?'
'म्हणजे काय!' मी म्हणाले.

रविवारी चहाच्या वेळी लाइनवर सांगणार. कसं सांगायचं ते चालता चालता घोकतेय. आधी माइक, मग लहान तुकड्या, मग बाईंचं वाक्य जसंच्या तसं. त्याचा चेहरा दिसणार नाही, पण श्वास ऐकू येतो त्या फोनवर. तेवढं पुरे.

१५ मार्च, रविवार

मी खांद्याला हात लावायच्या आधीच भिंत वाजली. उचलला.
म्हणाला, 'कानाचं निमित्त आहे गं. मला शिकवायचंच नाहीये. कान धड होते तेव्हापासून.'
'आधी का नाही बोललास?'
'तू समजवायला आली असतीस. ओरडून. हे असलं मला ओरडून नको होतं.'
माइक, लहान तुकड्या, बाईंचं वाक्य – सगळं ओठांवर होतं. गिळलं.
'पुढे काय करणार?'
'माहीत नाही.' आणि हे सांगताना त्याचा आवाज असा हलका, की मी ओळखलाच नाही.
'मग सोड,' मी म्हटलं. अगदी हळू.
'परत म्हण.'
'ऐकू नाही आलं?'
'आलं. परत म्हण.'